निकोडेमस: कॅन्ससच्या गवताळ मैदानातलं गाव भरलं कसं, ओसरलं कसं

२०२०च्या अमेरिकी जनगणनेत कॅन्सस राज्यातल्या निकोडेमस या वस्तीत १४ माणसं मोजली गेली. याच गावातून १८८०च्या दशकात दोन वर्तमानपत्रं निघत होती. बँक होती, हॉटेलं होती, दुकानं होती, चर्चेस होती, बेसबॉलचा संघही होता. आणि आजही दरवर्षी जुलैच्या अखेरीला या १४ जणांच्या गावी शेकडो माणसं देशभरातून येतात आणि आम्ही निकोडेमसचे, असं सांगतात.

अमेरिकेच्या मधोमध प्रेअरी नावाचा प्रचंड गवताळ पट्टा आहे. तिथली असंख्य शेतकरी गावं अशीच दहा-पंधरा वर्षांत भरली आणि मग शंभर वर्षं हळूहळू ओसरत राहिली. त्यामागचं गणित समजून घ्यायला मी निकोडेमस निवडलं, कारण तिथे ते गणित उघडं दिसतं. शिवाय हे गाव गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांनी स्वतःसाठी वसवलं होतं. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला त्या काळात कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावांपैकी आज तेच टिकून आहे. गाव छोटं होत गेलं याचा दोष तिथल्या माणसांवर किंवा मातीवर टाकणं सोपं असतं. मला तो अन्याय वाटतो. निर्णय बहुतेक वेळा दुसरीकडे झाले होते.

केंटकीतून निघालेली माणसं

निकोडेमसचे पहिले रहिवासी मुख्यतः केंटकी राज्यातले, लेक्सिंग्टन आणि जॉर्जटाऊनच्या आसपासचे. अमेरिकेच्या यादवी युद्धात केंटकी संघराज्यातून फुटून निघालं नव्हतं, त्यामुळे फुटलेल्या राज्यांपुरतीच असलेली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची १८६३ची मुक्तीची घोषणा तिथे लागूच झाली नाही. तिथले गुलाम कायद्याने सुटले ते डिसेंबर १८६५मध्ये, तेरावी घटनादुरुस्ती झाल्यावर. सुटले, पण हातात जमीन नव्हती. जुन्याच मालकाच्या शेतावर बटाईने राबायचं, हंगामाच्या शेवटी दुकानदाराचं देणं फेडायचं आणि पुन्हा रिकाम्या हाताने उभं राहायचं. १८७७मध्ये दक्षिणेतून केंद्राचं उरलंसुरलं सैन्यही माघारी बोलावलं गेलं आणि मतदानाच्या हक्कापासून जिवाच्या सुरक्षिततेपर्यंत सगळंच डळमळीत झालं.

याआधी चारच वर्षं, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केला होता. पुण्यात बसून त्यांनी ज्या घटनेकडे एवढ्या आशेने पाहिलं, त्या घटनेनंतर मुक्त झालेल्या माणसांपुढे कोणता प्रश्न उभा होता, हे निकोडेमसमध्ये कळतं. पायातली बेडी निघाली, आता पायाखाली स्वतःची जमीन कुठून आणायची?

उत्तर कॅन्ससमध्ये दिसत होतं. हे राज्य १८६१मध्ये गुलामगिरीमुक्त राज्य म्हणूनच संघात आलं होतं, आणि त्यासाठी तिथे रक्त सांडलं होतं. तिथे सरकारी जमीन भरपूर होती. अर्थात ती ‘मोकळी’ होती म्हणजे मोकळी करून घेतली होती. कॉ, पॉनी, शायान अशा मूळनिवासी जमातींना करार करून, करार मोडून आणि सैन्य घालून त्या मुलखातून हटवण्यात आलं होतं. एका पीडित समाजाला मिळालेली जमीन दुसऱ्या पीडित समाजाकडून गेलेली होती. हे बाजूला ठेवून हा इतिहास सांगता येत नाही.

१८७७मध्ये गावाची कंपनी स्थापन झाली. तिच्यात डब्ल्यू. आर. हिल हा जागांचे व्यवहार करणारा गोरा माणूस होता, तर अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय होते आणि सायमन राउंडट्री हे धर्मोपदेशकही सोबत होते. केंटकीत पत्रकं वाटली गेली. पाच डॉलर भरा आणि अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय वसाहतीत चला, असा त्यांचा मजकूर. सप्टेंबर १८७७मध्ये साडेतीनशेच्या आसपास माणसं रेल्वेने एलिस या गावी उतरली. तिथून निकोडेमस पंचावन्न किलोमीटर. ते अंतर पायी.

जमिनीतून निघणारा धूर

पुढच्या वसंतात आलेल्या तुकडीत विलियाना हिकमन ही धर्मोपदेशकाची पत्नी होती. तिने आपल्या आठवणी पुढे सांगून ठेवल्या आहेत. सोबतचे पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! ती डोळे फाडून बघत राहिली. काहीच दिसेना. कुठे आहे, असं विचारल्यावर नवऱ्याने जमिनीतून ठिकठिकाणी वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. लोक जमिनीत राहत होते. ते पाहून आपल्याला रडू कोसळलं, असं ती सांगते.

प्रेअरीवर झाडं नाहीत. ओढ्याच्या कडेला थोडी असतात तेवढीच. लाकूड नाही म्हणून घर नाही. मग टेकाडाच्या उतारात किंवा ओढ्याच्या काठात कुदळ-फावड्याने खोली खणायची, वर मिळतील ती वासेवजा लाकडं टाकायची, त्यावर झुडपं, आणि त्यावर गवताच्या मुळांसकट कापलेले मातीचे चौकोनी तुकडे. हे गवत बुटकं, पण मुळं इतकी दाट की मातीची वीट करावी तसे तुकडे निघतात. समोरच्या बाजूला दार, आत चूल, धुराडं थेट माळावर उघडणारं. जळणाला सूर्यफुलाची वाळलेली ताटं आणि माळावर पडलेल्या, बायसन या रानटी गुरांच्या रानशेणी. पाऊस लागला की छतातून चिखल ठिबकायचा, उन्हाळ्यात माती झडायची, आणि साप तर घरचेच. पण हिवाळ्यात अंगाला झोंबणाऱ्या वाऱ्यात मैदानावरच्या फळ्यांच्या खोपटापेक्षा हे बिळासारखं घर उबदार असायचं.

पत्रकात जे रंगवलं होतं आणि समोर जे दिसलं, त्यातली तफावत पाहून अनेक कुटुंबं लगेच माघारी फिरली. जी राहिली त्यांच्याकडे ना पेरणीचा हंगाम होता, ना पुरेशी औजारं, ना नांगराला जुंपायला जनावरं. पहिला हिवाळा शेजाऱ्यांच्या आणि दूरवरून आलेल्या मदतीवर निघाला. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्यातलं मांस दिलं, ही आठवण गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी एमा विल्यम्सला मुलगा झाला, हेन्री. निकोडेमसमध्ये जन्मलेलं हे पहिलं मूल.

मदत मागून जगायचं नाही, हेही लवकरच ठरलं. दोन वर्षांच्या आत गावाने बाहेरून दानधर्म घेणं थांबवलं. मला या गावाच्या साऱ्या इतिहासात हा निर्णय फार मोठा वाटतो, कारण तो घेताना पोटं भरलेली नव्हती.

१६० एकरांचं गणित

आता लोकसंख्येकडे येऊ. आपल्याकडचं खेडं डोळ्यांसमोर आणलं तर गावठाणात घरं एकमेकांना चिकटून आणि शेतं भोवताली असं चित्र येतं. प्रेअरीवरचं खेडं त्याच्या अगदी उलटं. याला कारण कायदा.

१८६२च्या होमस्टेड कायद्याने कोणाही नागरिकाला १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. सगळी फी मिळून अठरा डॉलरच्या आसपास. पण अट अशी, की पाच वर्षं त्या जमिनीवरच राहायचं आणि ती कसायची. तेव्हाच मालकीचा कागद मिळणार. म्हणजे गावात घर करून शेतावर जा-ये करण्याची सोयच नाही. प्रत्येक कुटुंब आपापल्या १६० एकरांवर, शेजारी अर्धा-पाऊण किलोमीटरवर. मधोमध जे ‘गाव’ असायचं ते मुख्यतः दुकान, टपाल, शाळा, चर्च, लोहार आणि हॉटेल यांचं. राहणारे थोडे, येणारे पुष्कळ.

ही मोजणीही ठरावीक पद्धतीची. सरकारने सगळा मुलूख चौकोनांत आखला होता. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक चौकोन म्हणजे टाउनशिप. त्यात एक-एक चौरस मैलाचे ३६ तुकडे, प्रत्येकी ६४० एकर. प्रत्येकाचे चार भाग केले की १६० एकरांचे एकूण १४४ तुकडे होतात. दर तुकड्यावर एक कुटुंब आणि कुटुंबात पाच माणसं धरली, तर अख्ख्या टाउनशिपची शेतकरी वस्ती ७२०. याहून जास्त माणसं कायद्याच्या आखणीतच बसत नव्हती. म्हणजे ही गावं जन्माला आली तेव्हाच त्यांच्या वाढीवर वरून झाकण होतं.

आता तीच जमीन, २३,०४० एकर, पण शेताचा आकार हजार एकर घ्या. पश्चिम कॅन्ससमध्ये आज एवढी शेती मुळीच मोठी समजली जात नाही. २३ कुटुंबं होतात. घरात तीन माणसं धरली तर सत्तरच्या आत. कोणी गाव सोडून पळालं नाही, साथ आली नाही, जमीन नापीक झाली नाही, तरी लोकसंख्या एक दशांश. प्रेअरीच्या ओसाडीचं निम्म्याहून अधिक उत्तर या एका भागाकारात आहे.

शेतं मोठी व्हावीच का लागली? पहिलं कारण पाऊस. निकोडेमस १०० अंश पश्चिम रेखावृत्ताला जवळजवळ खेटून आहे. साधारण या रेषेच्या पूर्वेला पावसावर शेती निभते, पश्चिमेला भरवसा नाही. वर्षाला पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही कधी या वर्षीचा पुढच्या वर्षी. १६० एकरांचा आकडा ओल्या पूर्वेकडच्या अनुभवावरून वॉशिंग्टनमध्ये ठरलेला होता. तिकडे तेवढ्यात कुटुंब सुखात राहत असे, इथे दोन वर्षं सलग पाऊस हुकला की कर्ज. त्यातून त्या काळात नांगर लागला की पाऊस मागून येतो, असा समज जोरात पसरवला जात होता आणि जमिनी विकणाऱ्यांच्या तो सोयीचाच होता.

दुसरं कारण यंत्र. इथलं मुख्य पीक हिवाळी गहू. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, बर्फाखाली राहू द्यायचा, जून-जुलैत काढायचा. १८७०च्या दशकात रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी आणलेल्या कणखर वाणामुळे कॅन्सस पुढे गव्हाचं कोठार बनलं. हे पीक यंत्राला अगदी सोयीचं. घोड्यांच्या काळात काढणी-मळणीला गावातली सगळी माणसं लागत. ट्रॅक्टर आणि कंबाइन हार्वेस्टर आल्यावर बाप आणि मुलगा मिळून शेकडो एकर काढू लागले. पण यंत्राचा हप्ता फेडायचा तर १६० एकर पुरत नाहीत. मग शेजाऱ्याची घ्यायची किंवा त्याला आपली द्यायची.

रेल्वेचे रूळ नदीपलीकडून गेले

निकोडेमसच्या बाबतीत मात्र यंत्राच्या आधीच घाव बसला.

१८८०च्या दशकात पाऊस बरा झाला आणि गाव उभं राहिलं. १८८०च्या सुमाराची वस्ती तीनशेपासून पाचशेपर्यंत सांगितली जाते, हद्द कुठवर धरता त्यावर. बिळांच्या जागी दगडी आणि फळ्यांची घरं आली. झॅकरी फ्लेचर यांनी हॉटेल काढलं, त्यांची पत्नी जेनी ही गावातली पहिली शिक्षिका. १८७८मध्ये तिथे आलेले एडवर्ड मॅकेब ग्रॅहॅम काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, पहिले क्लार्क झाले आणि १८८२मध्ये कॅन्सस राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले, दोन वर्षांनी पुन्हा. गुलामगिरी संपून सतरा वर्षं झालेली असताना एका कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्यांचं बहुमत असलेल्या राज्याने हे पद दिलं. पुढे ते ओक्लाहोमाला गेले आणि लँगस्टन हे गाव वसवण्यात त्यांचा पुढाकार होता.

त्या काळी प्रेअरीवरच्या गावाचं भवितव्य रेल्वेवर ठरायचं. गव्हाची गाडी ओढायला घोडे दिवसाला ठरावीकच अंतर जाऊ शकत. स्टेशन जवळ असेल तर शेतकरी तुमच्याकडे येणार, दुकान चालणार, बँक चालणार. त्यामुळे रेल्वे कंपन्या गावांकडून पैसे मागत आणि गावं कर्जरोखे काढून ते देतही. निकोडेमसने १८८७मध्ये मिसूरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरचे रोखे मतदान करून मंजूर केले. आशेपोटी नवी दुकानं आली, वर्तमानपत्रांत जमिनीच्या जाहिराती झळकल्या. मग ती कंपनी आलीच नाही. १८८८मध्ये युनियन पॅसिफिकचा फाटा आला, तो सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याच्या पलीकडच्या बाजूने. रूळ टाकणाऱ्या मजुरांचा तळ होता त्या जागी बोग नावाचं गाव उभं राहिलं, निकोडेमसपासून काही मैलांवर. निकोडेमसच्या कित्येक व्यापाऱ्यांनी दुकानं उचलली आणि तिकडे नेली. उचलली म्हणजे शब्दशः, इमारती ओढून नेल्या.

पण शेतकरी गेले नाहीत, आणि इथेच बहुतेक जण या गावाचा इतिहास वाचताना घाई करतात. १८८८ला बाजारपेठ गेली, शेती राहिली. भोवतालच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची जमीन त्यानंतरही वीसेक वर्षं वाढतच होती. म्हणजे ‘गाव’ लहान होत होतं आणि समाज मोठा. नुसता गावाचा आकडा बघणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. गावातली जुनी दोन चर्चेस, शाळा आणि हॉटेलची इमारत आजही उभी आहे.

१९३०चं दशक

पहिल्या महायुद्धात गव्हाला बुशेलमागे, म्हणजे साधारण २७ किलोमागे, दोन डॉलरच्या वर भाव मिळाला. सगळ्या प्रेअरीने गवत उलथून गहू पेरला, कर्ज काढून जमिनी घेतल्या. १९३१मध्ये भाव ४० सेंटच्याही खाली आला. पाठोपाठ दुष्काळ. गवताची मुळं गेलेली, पीक आलेलं नाही, मोकळी माती वाऱ्याने उचलली आणि दुपारी दिवे लावावे लागतील अशी धुळीची वादळं वर्षामागून वर्षं येत राहिली.

१९३५मध्ये निकोडेमस गावात ७६ माणसं उरली होती. १९५०मध्ये १६. टपाल कार्यालय १९५३मध्ये बंद झालं, शाळा १९६०मध्ये. टपाल आणि शाळा गेल्यावर गाव कागदोपत्रीही फिकं पडत जातं, कारण ओळखीचा पत्ताच राहत नाही.

गोऱ्या शेजारी गावांनीही हे सोसलं. ज्या काउंटीत निकोडेमस येतं त्या ग्रॅहॅम काउंटीत १९१०मध्ये सुमारे ८,७०० लोक होते, २०२०मध्ये सुमारे २,४००. पण कृष्णवर्णीय शेतकऱ्यावर एक जास्तीचा भार होता, कर्जाचा. पेरणीच्या वेळी पैसा हातात नसेल तर शेती बुडते, आणि तो पैसा कोणाला वेळेवर द्यायचा हे स्थानिक अधिकारी आणि बँका ठरवत. देशभरात १९२०मध्ये नऊ लाखांहून जास्त कृष्णवर्णीय शेतकरी होते. १९९०चं दशक संपताना ते वीस हजारांच्या आत आले. अमेरिकेच्या कृषी खात्याने कर्जवाटपात वंशभेद केला म्हणून शेतकऱ्यांनी खटला भरला आणि १९९९मध्ये पिगफर्ड खटल्याची तडजोड न्यायालयाने मंजूर केली. इतक्या उशिरा आलेल्या भरपाईने गेलेली जमीन परत येत नाही. जमिनी विकल्या गेल्या, शेजाऱ्यांनी घेतल्या, त्यावर पिकं उभी आहेत.

मोजायचं कोणाला

गावाचा आकडा ठरवताना अमेरिकी जनगणना एकच गोष्ट बघते: १ एप्रिलला तुमचं राहण्याचं ठिकाण कोणतं? त्या उत्तरात डेन्व्हर किंवा टोपीकाला नोकरी करणारा, पण पणजोबांच्या नावचा तुकडा अजून राखून असलेला माणूस निकोडेमसचा ठरत नाही. तो तुकडा खंडाने कसणारा बोगजवळचा शेतकरीही ठरत नाही. हद्द थोडी रुंद करून टाउनशिपचा आकडा घेतला की तो वेगळा, वस्तीचा घेतला की वेगळा. वेगवेगळ्या ठिकाणी या गावाची वेगवेगळी लोकसंख्या वाचायला मिळते ती बहुतेक वेळा यामुळे. कोणी खोटं लिहिलेलं नसतं, हद्दी निराळ्या असतात.

गावकऱ्यांची स्वतःची एक मोजणी मात्र कधीच थांबली नाही. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांवर १ ऑगस्ट १८३४ला गुलामगिरी संपली, त्या दिवसाच्या आठवणीचा मुक्तिदिन निकोडेमस १८७८पासून साजरा करतं. पूर्वी स्क्रग्ज यांच्या शेतातल्या झाडीत हा मेळा भरायचा. बेसबॉल, झोपाळे, चुलीवरचं मांस, भाषणं. गाव रिकामं होत गेलं तसा हाच दिवस माहेरी येण्याचा झाला, आणि आज त्याला होमकमिंग म्हणतात. पिढ्यांच्या नोंदी, कोणाचं लग्न कोणत्या घराण्यात झालं, कोण वारलं, कोण नव्याने जन्मलं, हे सगळं तिथे बसून जुळवलं जातं. १९५४मध्ये व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या संघांनी खेळाडू निवडले तेव्हा पहिल्याच फेरीत निवडले गेलेले वेरिल स्वित्झर याच गावचे. कॅन्सस राज्य विद्यापीठात त्यांनी पुढे प्रशासनाचं काम केलं, पण त्यांनी निकोडेमसची शेतजमीन सोडली नाही.

अँजेला बेट्स यांनी १९८८मध्ये निकोडेमस हिस्टॉरिकल सोसायटी उभी केली आणि पाठपुरावा चालू ठेवला. १९९६मध्ये अमेरिकी काँग्रेसने गावातल्या पाच इमारतींना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. १९३९मध्ये बांधलेला टाउनशिप हॉल सध्या अभ्यागत केंद्र आहे. इमारतींची निगा त्यामुळे राखली जाते. शेतीचं तसं नाही. निकोडेमस परिसरातले शेतकरी कॅन्सस ब्लॅक फार्मर्स असोसिएशनच्या माध्यमातून एकत्र आले आहेत आणि त्यांच्यापुढचा प्रश्न साधा आणि कठीण आहे: कसणाऱ्याचं वय सत्तरीकडे, मुलं शहरात, वारस सात-आठ राज्यांत विखुरलेले. त्यातल्या एकाने आपला वाटा विकायचा म्हटला तर बाकीच्यांनी तो घ्यायला पैसे कुठून आणायचे?